कार्ड, एसएसडी की हार्ड डिस्क? चोवीस तास चालणाऱ्या छोट्या संगणकासाठी काय घ्यावं

रात्री एक मोठी लॉग फाइल उडवली, एक सेटिंग बदललं आणि रीबूट केलं. बघतो तर फाइल परत जागेवर, सेटिंग जुनंच. पुन्हा केलं, पुन्हा तोच प्रकार. माझ्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकातलं मायक्रोएसडी कार्ड संपलं होतं, फक्त त्याने तसं कळवलं नव्हतं. आयुष्य संपलेली काही कार्डं असंच करतात. वाचू देतात, पण लिहिलेलं मुकाट्याने टाकून देतात. लिनक्स बदल काही काळ रॅममध्ये धरून ठेवतं, त्यामुळे रीबूट करेपर्यंत सगळं आलबेल वाटतं.

तेव्हापासून साठवण निवडताना मी वेग शेवटी बघतो. आधी दोनच प्रश्न: वीज अचानक गेली तर हिचं काय होतं, आणि मरण्याआधी ही काही बोलते का?

कार्ड दोन्हीत कच्चं. फ्लॅश मेमरीत लिहिणं लहान तुकड्यांत होतं, पण पुसायचा ब्लॉक बराच मोठा असतो. सेन्सरची चार आकड्यांची नोंद डेटाबेसमध्ये गेली, की तिच्यासोबत फाइल सिस्टिमचं जर्नल (बदलांची नोंदवही) लिहिलं जातं, फाइलची वेळ बदलते, आणि आत कार्डाचा कंट्रोलर जुना मजकूर इकडून तिकडे हलवतो. नोंद काही बाइटची, झीज कितीतरी पट. कुठला डेटा कुठे ठेवलाय याचा नकाशाही कार्ड स्वतःच सांभाळतं. तो बदलत असतानाच वीज गेली तर ज्या फाइलला हातही लावला नव्हता तीसुद्धा खराब होऊ शकते. पाकिटावरचे ए1, ए2 बघून फसू नका. ए1 म्हणजे सेकंदाला किमान 1500 विखुरलेली वाचनं आणि 500 लेखनं, ए2 म्हणजे 4000 आणि 2000. हा वेग झाला, टिकाऊपणाचा यात एक शब्द नाही. ‘हाय एंड्युरन्स’ कार्डं खरंच बरी असतात, पण त्यांच्यावरचे हजारो तास सलग व्हिडिओ रेकॉर्डिंगचे असतात, डेटाबेसच्या टिपटिप लेखनाचे नव्हेत.

ईएमएमसी, म्हणजे बहुधा बोर्डावरच बसवलेली फ्लॅश साठवण, ही कार्डाची थोडी शहाणी बहीण. किती आयुष्य वापरलं याचा अंदाज ती दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांत सांगते, ही मोठी सोय. पण बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर ती गेली की बोर्डही गेला.

एसएसडीकडे आलं की झिजेची चिंता जवळपास मिटते. 250 जीबीच्या साध्या एसएसडीला कंपन्या साधारण 100 ते 150 टीबी लेखनाची हमी देतात. रोज 10 जीबी लिहिलंत, तरी 100 टीबीला सत्तावीस वर्षं लागतील. शिवाय ती बोलते. ‘स्मार्ट’ माहितीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, झीज, खराब ब्लॉक, अचानक वीज गेल्याची मोजणी, सगळं दिसतं.

मग यूएसबी एसएसडी लावूनही लोक का वैतागतात? बहुतेक वेळा दोष एसएसडीचा नसतो, मधल्या अडॅप्टरचा असतो. अडॅप्टरमधल्या काही ब्रिज चिपचं (यूएसबी आणि एसएसडी यांच्यातला दुभाषा) यूएएस या यूएसबीवरून वेगाने डेटा नेण्याच्या प्रोटोकॉलशी जमत नाही. मशीन मध्येच गोठतं, कर्नलच्या लॉगमध्ये ‘रीसेट’च्या ओळींची रांग लागते. त्या अडॅप्टरपुरतं यूएएस बंद केलं की वेग थोडा पडतो, पण त्रास बहुधा थांबतो. काही अडॅप्टर ट्रिम (कुठली जागा आता मोकळी आहे हे एसएसडीला कळवणारा आदेश) आणि ‘स्मार्ट’ही पुढे जाऊ देत नाहीत. म्हणजे बोलकी एसएसडी घेतली आणि तिच्या तोंडाला पट्टी बांधली.

दुसरी गोम विजेची. पाय 4 च्या सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून 1.2 अँपिअर मिळतात. पाय 5 ला 5 अँपिअरऐवजी 3 अँपिअरचा सप्लाय जोडला, तर यूएसबीला जेमतेम 0.6 अँपिअर उरतात. अडीच इंची हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करतानाच 1 अँपिअरच्या आसपास मागते. म्हणून हार्ड डिस्क घ्यायचीच तर स्वतःचा सप्लाय असलेली घ्या, आणि फोटो, चित्रपट, बॅकअप यांपुरतीच ठेवा. सिस्टिम तिच्यावर नको. धक्का तिला सोसत नाही, आणि सतत झोपवत-उठवत ठेवलीत तर तेही मानवत नाही.

पाय 5 असेल तर एनव्हीएमईचा, म्हणजे यूएसबीऐवजी बोर्डाच्या पीसीआयई जोडणीवर लागणाऱ्या एसएसडीचा, विचार जरूर करा. सेकंदाला 500 एमबीच्या वेगासाठी नव्हे, मधला यूएसबी अडॅप्टरच नाहीसा होतो म्हणून. ट्रिम आणि ‘स्मार्ट’ थेट मिळतात. तापमानावर तेवढी नजर ठेवा.

नवीन मांडणी करणाऱ्याला माझं मत असं. जाहिराती अडवणारा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) किंवा एखादा डिस्प्ले एवढंच चालवायचं असेल, तर कार्डावर खुशाल राहा. लॉग रॅममध्ये ठेवा, स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा) कार्डावरून काढा, जमलं तर ओव्हरले (बदल फक्त रॅममध्ये ठेवण्याची सोय) चालू करून कार्ड फक्त वाचण्यापुरतं करा. होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर), नेक्स्टक्लाउड (घरचं क्लाउड), कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, म्हणजे जिथे डेटाबेस दिवसभर लिहीत असतो, तिथे कार्डावर दिवस काढण्यात अर्थ नाही. सरळ एसएसडी घ्या, आणि अडॅप्टर निवडताना तिच्याइतकीच चौकशी करा.

आणि कार्डावरच राहणार असाल तर आजच एक रिकामी फाइल तयार करून रीबूट करा. ती दिसली नाही, तर लिहिण्याची आशा सोडून त्या कार्डाची इमेज (जशीच्या तशी पूर्ण प्रत) लगेच दुसरीकडे घ्या. वाचू देतंय तोवर.