हजेरीचे १६,९०० घ्यावेत की पगाराचे १५,०००?

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत काम शोधणाऱ्यापुढे हा पेच हमखास येतो. उदाहरणापुरते आकडे धरू. छोट्या वर्कशॉपमध्ये ६५० रुपये हजेरी, २६ दिवसांचे १६,९०० रोख, खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले. कंपनीत ठेकेदाराकडून लागलात तर १५,०००. त्यातून पीएफचे १,८००, व्यवसाय कराचे २०० आणि ईएसआयचे (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) ११३ वजा होऊन हातात १२,८८७.

चार हजारांचा फरक पाहून बरेच जण वर्कशॉप धरतात. पण पीएफ तुमचाच आहे आणि मालकालाही तेवढीच भर घालावी लागते, त्यातला मोठा भाग पेन्शनकडे जातो. हे ३,६०० मिळवले की खरा फरक उरतो जेमतेम ४१३ रुपयांचा.

आता पावसाळ्यात टायफॉइड झाला आणि पंधरा दिवस अंथरुणाला खिळलात असं समजा. वर्कशॉपवाल्याचे तेरा खाडे, म्हणजे ८,४५० बुडाले. मग शेठकडून उचल, आणि ती फेडायला अंगात ताप असतानाच प्रेसवर उभं राहणं. बोटं जातात ती अशाच दिवसांत. कंपनीवाल्याला ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट मिळालं की सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम बँकेत येते. ५०० च्या रोजावर ३५० प्रमाणे, पहिले दोन दिवस सोडून, ४,५५० रुपये. वर्षाला ९१ दिवसांपर्यंत हा लाभ मिळतो. शिवाय सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात घरच्यांवरही उपचार होतात.

‘रेशनकार्ड आहे, सरकारी योजना आहे, मग कपात कशाला?’ असं अनेक जण म्हणतात. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि तो मोठा आधार आहे. पण ती योजना रुग्णालयाचं बिल भरते, बुडालेली मजुरी देत नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळेल. खोलीभाडं, गॅस, मुलांची फी त्यातून भागत नाही. मालकाने आजारपणाचा पगार दिला नाही की तो भार सिव्हिल हॉस्पिटल, रेशन दुकान आणि घरातल्या बाईच्या दागिन्यांवर पडतो. हे मला साफ अन्यायाचं वाटतं.

ईएसआयमध्येही काही अडचणी आहेत. नव्या माणसाला आजारपणाचे पैसे मिळायला साधारण नऊ महिने जातात, आणि वर्गणी मोजण्याच्या सहा महिन्यांत कामाचे किमान ७८ दिवस भरावे लागतात. दोन दिवसांच्या तापाला तर काहीच मिळत नाही. तिथे कंपनीची स्वतःची पगारी रजाच कामाला येते. (मोठ्या दुकानात किंवा हॉटेलात काम बघत असाल तर राज्याच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ पगारी किरकोळ रजा आहेत, त्या मागा.)

घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर मी कंपनीच निवडायला सांगेन. एकटे असाल, सावकाराचं देणं डोक्यावर असेल आणि वर्कशॉपचा मालक आजारपणाचे काही दिवस भरून द्यायला कबूल असेल, तर वर्कशॉपही चालेल. फक्त ते लेखी घ्या. कंपनीत लागलात तर पहिल्याच महिन्यात ठेकेदाराकडून आयपी नंबर (ईएसआयमधला तुमचा विमा क्रमांक) मागून घ्या आणि वर्गणी जमा होते का ते ईएसआयसीच्या संकेतस्थळावर पाहत राहा. ठेकेदाराने ती भरली नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, म्हणून तक्रार थेट कंपनीच्या एचआरकडे करा.