टॅबची बॅटरी खरंच गेलीय का? पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या या दुकानाचा अनुभव

या दुकानातून टॅबची बॅटरी बदलून घेतली त्याला आता बरेच महिने झाले. लगेच रिव्ह्यू टाकला नाही कारण बॅटरी नवीन घातली की पहिले पंधरा दिवस सगळंच मस्त चालतं, खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते. उन्हाळा पार पडला, टॅब व्यवस्थित आहे, म्हणून आता सविस्तर लिहितेय. पाच पैकी पाच स्टार. बॅटरी तर कोणीही घालून देतं हो, पण ती बदलायची गरज आहे का हे आधी मीटर लावून समोर दाखवणारं दुकान मला पहिल्यांदाच भेटलं.

टॅब १० इंची अँड्रॉइड, २०२० मध्ये लॉकडाऊनला क्लास ऑनलाइन घ्यावे लागले तेव्हा घेतलेला. मी गाणं शिकवते. आता त्यावर तानपुरा आणि तबल्याचं अ‍ॅप चालतं, बंदिशींच्या पीडीएफ आहेत, मुलांची रेकॉर्डिंग्ज आहेत. संध्याकाळी सलग बॅचेस असतात, टॅब स्टँडवर आणि मागे चार्जर लावलेलाच, कारण मध्येच तानपुरा बंद पडून चालत नाही. काम तसं हलकं पण रोज तासन्‌तास चालू आणि कायम १०० टक्क्यांवर. दुकानातल्या दादांनी नंतर सांगितलं की लिथियम बॅटरीला सगळ्यात जास्त हेच बाधतं, सतत फुल भरलेली आणि वरून गरम.

सुरुवात कशी झाली तर टक्के उड्या मारायला लागले. ३४ दिसतायत, पाच मिनिटांनी बघावं तर ९, आणि मग थेट काळी स्क्रीन. भूपाची बॅच चालू होती, लहान मुलं आहेत, मोठ्या मुश्किलीने सगळ्यांचा सा एका जागी आला होता आणि तानपुराच गेला! चार्जर लावून चालू केला तर लगेच २६ टक्के. एवढ्यात २६ कसे भरतील? भरलेले नसतातच, ते आत होतेच. टक्के म्हणजे टॅबने बांधलेला अंदाज असतो. बॅटरी म्हातारी झाली की तिचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो, मग ब्राइटनेस फुल आणि स्पीकर मोठा केला की व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि आत चार्ज शिल्लक असूनही टॅब बंद होतो. नुसता पडून असला की तोच टॅब ३० टक्क्यांवर निवांत तासभर राहतो. तुमच्याकडे असं होत असेल, म्हणजे २०-३० टक्क्यांवर काम चालू असताना बंद पडणं आणि चार्जर लावल्या लावल्या आकडा वर जाणं, तर बॅटरीवर पहिला संशय घ्या, अ‍ॅप डिलीट करत बसू नका.

दुसरं लक्षण जरा फसवं आहे. माझा टॅब पूर्वी चार्ज व्हायला तीन-साडेतीन तास घ्यायचा तो दीड तासात फुल व्हायला लागला, घरात सगळे म्हणाले वा, नवीन चार्जर चांगला आहे. चार्जर तोच होता! भांडंच लहान झालं तर ते लवकरच भरणार ना, आणि रिकामंही तसंच लवकर.

पण चार्जिंग लवकर उतरतं एवढ्यावरून बॅटरी गेली असं म्हणू नका, हे मी मुद्दाम लिहितेय कारण आमच्या ग्रुपवर प्रत्येक जण पहिला सल्ला बॅटरी बदलण्याचा देतो. मोठा अपडेट आला की एक-दोन दिवस टॅब मागे काहीतरी करत राहतो, गरम होतो, बॅटरी खातो, मग आपोआप शांत होतो. एखादं अ‍ॅप बॅकग्राउंडला अडकलेलं असतं, ते सेटिंगमध्ये बॅटरी युसेजमध्ये वरच दिसतं. रात्री फ्लाइट मोडवर टाकून झोपा आणि सकाळी बघा, दोन-तीनच टक्के उतरले आणि आकडा उड्या मारत नसेल तर बॅटरी बहुतेक बरी आहे, दिवसा कोणीतरी दुसरं खातंय. आणि चार्ज हळू होतोय, केबल हलवली की चालू-बंद होतंय, तर आधी दुसरी केबल आणि दुसरा अडॉप्टर लावून बघा, चार्जिंग पिनमध्ये बॅगेतला कचरा घट्ट बसलेला असतो तो बघा. माझी एक विद्यार्थिनी तिचा टॅब घेऊन याच दुकानात गेली होती, बॅटरी बदलायचीच म्हणून. दादांनी पिन साफ केली, मीटरवर दाखवलं की आता करंट नीट घेतोय, आणि नुसते सफाईचे पैसे घेऊन परत पाठवलं. बॅटरीला हात नाही लावला. ती स्वतःहून पैसे द्यायला तयार होती बरं का, लावली असती तरी तिला कळलं नसतं. माझ्या लेखी या दुकानाची सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

आता आकडे कुठे बघायचे ते. आयपॅड असेल तर २०२४ पासूनच्या मॉडेल्समध्ये सेटिंगमध्येच बॅटरी हेल्थ आणि किती सायकल झाल्या ते दिसतं, त्याआधीच्या आयपॅडमध्ये ही सोय नाही, आयफोनमध्ये असते म्हणून लोक तिथे शोधत बसतात. अ‍ॅपलच्या म्हणण्याप्रमाणे आयपॅडची बॅटरी १००० सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी अशी बनवलेली असते. एक सायकल म्हणजे एकदा चार्जर लावणं नव्हे, एकूण १०० टक्के वापरले की एक, आज ६० आणि उद्या ४० अशी मिळूनसुद्धा एकच. सॅमसंगच्या टॅबमध्ये सॅमसंग मेंबर्स अ‍ॅपमध्ये डायग्नोस्टिक्समध्ये बॅटरी तपासता येते. बाकी अँड्रॉइडसाठी अ‍ॅक्यूबॅटरीसारखी अ‍ॅप्स आहेत, पण एका चार्जिंगवर विश्वास ठेवू नका, बरेचदा चार्ज झाल्यावर त्याचा अंदाज जागेवर येतो. स्टार-हॅश डायल करून बॅटरीची माहिती दिसते असे व्हिडिओ फिरतात, ते सिम नसलेल्या, नुसत्या वायफायवाल्या टॅबवर निरुपयोगी, डायल करायला फोनच नसतो त्यात.

आणि एक लक्षण असं आहे की तिथे अंदाज, अ‍ॅप, सायकल सगळं बाजूला ठेवायचं. बॅटरी फुगणं. माझ्या टॅबची स्क्रीन एका कडेला किंचित उचलली गेली होती, नख जाईल एवढी फट, आणि पांढरी पीडीएफ उघडली की मधोमध एक उजळ डाग दिसायचा, मागून कोणीतरी दाबल्यासारखा. फ्लिप कव्हर नीट बंद होईना, मला वाटलं कव्हर जुनं झालंय. आतलं केमिकल बिघडून गॅस तयार होतो आणि तो बाहेर जायला जागा नसते म्हणून पाकीट फुगतं. असं दिसलं की चार्जिंग बंद, टॅब बंद, दाबून स्क्रीन परत बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका, पलंगावर उशीखाली ठेवू नका, लहान मुलांच्या हातात तर मुळीच देऊ नका. टॅब चालतोय की अजून, असं म्हणून लोक महिनोन्‌महिने वापरतात ते बघून मला खरंच भीती वाटते.

आधी घराजवळच्या एका दुकानात नेला होता. त्यांनी न उघडता, मीटर न लावता, चालू-बंद करून बघितला आणि बोर्ड गेलाय म्हणाले, यात पैसे घालू नका, नवीन घ्या, आमच्याकडे ईएमआय आहे. पाच वर्षांची रेकॉर्डिंग्ज आणि बंदिशी त्यात, आणि हे दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळे! मग एका पालकांनी तापकीर गल्लीचं नाव सांगितलं.

दुकान म्हणजे एक छोटा काउंटर, वर दोन टेबलं, बसायला जागा नाही. दादांनी टॅब घेतला, काचेच्या काउंटरवर पाठीवर ठेवला आणि कोपऱ्याला बोटाने हलका धक्का दिला. टॅब जागच्या जागी गर्रकन फिरला. "ताई, सपाट पाठीचा टॅब असा फिरत नाही, मध्ये फुगलाय," एवढंच म्हणाले. मग केबलमध्ये यूएसबी मीटर लावून अगदी दोन मिनिटं दाखवलं, ५ व्होल्ट आणि दीड अँपिअरच्या वर करंट जातोय, म्हणजे पिन चांगली आहे, चार्जिंगची लाइन चांगली आहे, आणि लगेच काढलं. त्यानंतर टॅब उघडून बॅटरीची बोर्डाला जोडलेली स्ट्रिप आधी सोडवली आणि बोर्ड टेबलावरच्या डीसी सप्लायला जोडला. बटण दाबायच्या आधी मला आकडा बघायला सांगितला, शून्य. म्हणाले इथे बटण न दाबताच करंट दिसला असता तर बोर्डात हाफ शॉर्ट, म्हणजे टॅब बंद असतानाही आत कुठेतरी करंट गळतोय, मग नवीन बॅटरी घालूनही ती अशीच उतरली असती आणि तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या. बटण दाबलं, आकडा चढला, उतरला, लोगो आला, आणि टॅब बॅटरीशिवाय पूर्ण चालू झाला. ज्याचा बोर्ड गेला होता तो हाच टॅब!

उघडण्याचं काम बघत उभी राहिले, त्यांनी हाकललं नाही. स्क्रीनच्या कडा गरम करून पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या एकेक सरकवत गेले, घाई नाही. टॅबमध्ये खरी जोखीम इथेच असते, डिस्प्ले मोठा आणि पातळ, कड जरा जास्त उचलली की कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र असलेला पार्ट, फुटतो आणि त्याची किंमत बॅटरीच्या कितीतरी पट. हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, फुटला तर कोणाची जबाबदारी तेही. आमच्या हातून फुटला तर आम्ही घालून देणार, आधीपासून तडा असेल तर नाही, म्हणून आधी फोटो काढून घेतले. बॅटरी पाठीला गमने चिकटवलेली असते. तिथे पक्कड किंवा स्क्रू ड्रायव्हर न घालता आयपीएचे (आयसोप्रोपिल अल्कोहोलचे) थेंब कडेने सोडून वाट बघितली आणि प्लास्टिक कार्डाने हळूहळू सोडवली. निघाली तेव्हा दोन्ही पाकिटं उशीसारखी टम्म होती, ती सरळ रेतीच्या लोखंडी डब्यात गेली. बाकीच्या ई-कचऱ्याबरोबर रिसायकलवाल्याला देतो म्हणाले, घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची वस्तू नाहीये ही, घंटागाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते.

नवीन बॅटरीबद्दल सरळ बोलले हे मला फार आवडलं. कंपनीचा पार्ट या मॉडेलला आता मिळत नाही, ही कंपॅटिबल आहे, ओरिजिनल म्हणून विकणार नाही. दोन प्रकार समोर ठेवले. एकीवर मूळ बॅटरीपेक्षा हजारभर एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचं माप) जास्त छापलेले, साइज तीच, वजन उलट कमी. दादा म्हणाले तेवढ्याच जागेत जास्त माल येणार कुठून, नुसता छापलाय. दुसरीवर मूळ बॅटरीएवढाच आकडा, बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) मार्क आणि अलीकडची तारीख. तारीख नक्की बघा, लिथियम बॅटरी पाकिटात पडून पडूनही म्हातारी होते, तीन वर्षं कपाटात असलेली नवी बॅटरी नवी नसते. मी दुसरी घेतली, मजुरीसकट १८०० रुपये, सहा महिने वॉरंटी. अर्ध्या दिवसात मिळाला, कारण गम सुकायला क्लिपा लावून ठेवतात.

घरी आल्यावर एकदा १०-१५ टक्क्यांपर्यंत उतरवून मग न थांबता फुल चार्ज करायला सांगितलं होतं, टॅबला नवीन बॅटरीचा अंदाज यावा म्हणून. तसं केलं. आता टक्के उड्या मारत नाहीत, चार्जर न लावता तीन बॅचेस होतात आणि तरी निम्म्याच्या वर चार्ज उरतो. क्लासमध्ये तो तासन्‌तास प्लगवर असणारच, म्हणून सेटिंगमधलं बॅटरी प्रोटेक्शन चालू करून दिलं, ८५ च्या पुढे भरत नाही. तुमच्या टॅबमध्ये ही सेटिंग असेल तर आजच चालू करा, नसेल तर चार्जरला टायमरचा सॉकेट लावा.

बदलणं परवडतं का हा प्रश्न वेगळा. सिक्युरिटी अपडेट बंद झालेल्या टॅबवर बँकेचे व्यवहार करायचे असतील तर मी बॅटरीत पैसे घालणार नाही. स्क्रीनला तडा आणि बॅटरी दोन्ही असेल तरी नाही. पण तानपुरा, पीडीएफ, रेकॉर्डिंग, आजीची भजनं आणि कीर्तनं यासाठी पाच-सहा वर्षांचा टॅब अजून सहज चालतो, निव्वळ बॅटरीमुळे तो कपाटात टाकू नका.

दुकानाच्या उणिवा म्हणाल तर फोन उचलत नाहीत, मेसेजला उत्तर संध्याकाळी. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, वॉरंटी त्यावरच आहे म्हणून तारीख आणि बॅटरीचा प्रकार लिहून घ्या. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. गाडी घेऊन जाऊच नका, मंडई मेट्रो स्टेशनवर उतरून चालत जाणं सगळ्यात सोपं. शनिवारी संध्याकाळी काउंटरपाशी उभं राहायला जागा नसते, सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर दादा नीट वेळ देतात. टॅब चालू होत असेल तर डेटाचा बॅकअप आधी घ्या (फुगलेला असेल तर त्याच्या नादात चार्जिंगला लावू नका, तसाच न्या), आणि जाताना तुमचा रोजचा चार्जर आणि केबल बरोबर घेऊन जा, ते आधी तीच तपासतात.