माउथऑर्गनचा रोजचा सराव: घड्याळ लावायचं, गाणं धरायचं की एकच सूर गिरवायचा?

माझ्या पहिल्या वहीत ४१ दिवस एकच ओळ आहे: ‘अर्धा तास झाला.’ कधीमधी ‘अर्धा तास झाला, लाइट नव्हती.’ मग वेळ अमावस्या आली. लातूरकडं येळवसेला सगळं घर शेतात असतं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी-आंबील पोटात गेली आणि मामींनी फर्मान काढलं, वाजव की आता. वाजवलं. मामी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “दोन बाया एकदमच बोलूलाल्यात असं वाटूलालंय की रे.”

मामींचा संगीताशी संबंध आरतीपुरता, पण निदान अचूक होतं. माझ्या प्रत्येक सुरासोबत शेजारच्या भोकाचा सूरही गळत होता. ४१ दिवसांत ते मला एकदाही ऐकू आलं नव्हतं, कारण कान कमी आणि डोळे जास्त, असा माझा सराव चालला होता. डोळे घड्याळावर.

त्यानंतरच्या तीनेक वर्षांत रोजचं टार्गेट ठरवायच्या तिन्ही तऱ्हा मी करून पाहिल्या: रोज इतकी मिनिटं, आठवड्याला एक गाणं, आणि रोज एकच बारीकसा मुद्दा. परभणीचा भाचा नवा माउथऑर्गन घेऊन बसलाय आणि ‘मामा, रोज किती वाजवू?’ असं विचारतोय, त्यानिमित्तानं हे तिन्ही शेजारीशेजारी मांडतो. नोकरी-शेती-अभ्यास सांभाळून वीस-पंचवीस मिनिटं काढणाऱ्यांसाठी हे आहे. चार तास रियाज करणाऱ्यांनी माझं ऐकू नये.

आधी वाद्याबद्दल थोडं, कारण टार्गेट त्यावरच ठरतं. १० भोकांचा, सी पट्टीचा माउथऑर्गन घेतला की तो पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी एक. मधलं सप्तक ४ ते ७ या भोकांत बसतं. ४ फुंकलं की सा, ओढलं की रे. ५ वर ग आणि म, ६ वर प आणि ध. ७ वर मात्र गाडी उलटी फिरते: ओढल्यावर नि आणि फुंकल्यावर वरचा सा. खालच्या सप्तकात तर शुद्ध म आणि ध दिलेलेच नाहीत. ही रचना जर्मनीकडची, एकट्यानं सुरावटही वाजवावी आणि साथही द्यावी अशा बेतानं केलेली. म्हणून शेजारशेजारची भोकं एकदम फुंकली तर सा-ग-प असा गोड मेळ ऐकू येतो. नवशिक्याचा घात इथंच होतो. पेटीवर चुकीची पट्टी दाबली तर कानाला लगेच टोचतं, इथं चूकसुद्धा बरी वाटते.

घड्याळ

रोज वीस मिनिटं, याचा फायदा एकच पण मोठा: विचार करावा लागत नाही. चहा झाला, गच्चीवर गेलो, सुरू. सवय लागेपर्यंतच्या पहिल्या पंधरा दिवसांना याच्याइतकं सोपं काही नाही. आपल्याकडं तर लातूर पॅटर्नच्या वातावरणात वाढलेल्या पोरांना तासांचा हिशेब आईच्या दुधासोबतच मिळतो. कोण किती तास बसतो यावर अख्खी गल्ली बोलते.

पण माउथऑर्गनला हा हिशेब सोसत नाही, त्याला शरीराचं कारण आहे. नव्या माणसाचे ओठ दहा-बारा मिनिटांत सैल पडतात. सैल ओठ म्हणजे रुंद तोंड, आणि रुंद तोंड म्हणजे पुन्हा दोन बाया. शेवटची दहा मिनिटं आपण गळका सूर घोटून पक्का करत असतो. शिवाय नवीन माणूस जोर लावून फुंकतो आणि ओढतो, मग गरगरतं. मला गच्चीच्या कठड्याला धरून बसावं लागलंय. तेव्हा वेळ ठरवायचीच असेल तर ती कमाल मर्यादा म्हणून ठरवा. एका बैठकीला बारा मिनिटं, हवं तर संध्याकाळी पुन्हा बारा. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

ज्यांची ड्यूटी फिरती आहे, वाळूजच्या कंपनीत आठवड्याला शिफ्ट बदलते, त्यांना तर ‘रोज सकाळी सहाला’ हे टार्गेट तिसऱ्याच आठवड्यात तोंडावर आपटतं.

गाणं

आठवड्याला एक गाणं, हे सगळ्यांत मोहाचं. माउथऑर्गन घेतलाच असतो कुठल्यातरी गाण्यासाठी. घरचेही खूश राहतात. सा-रे-ग-म ऐकून कंटाळलेली बायको गाण्याच्या दोन ओळींनी विरघळते, हा स्वानुभव.

अडचण अशी की गाणं तुमची इयत्ता बघून अवघड-सोपं होत नाही. पहिल्याच ओळीत कोमल निषाद आला तर सी पट्टीच्या मधल्या सप्तकात तो सरळ फुंकून-ओढून मिळतच नाही. नवशिका मग तिथं ‘जवळपासचा’ सूर वाजवतो आणि पुढं जातो. दुसरी गोष्ट, आपण दर वेळी मुखड्यापासून सुरू करतो. महिन्याअखेर मुखडा चाळीस वेळा झालेला असतो, अंतरा चार वेळा, तोही धडपडत.

यावर एक तोडगा आहे, तो मला फार उशिरा सुचला. गाणं आवडीवर निवडण्याआधी त्याचे सूर बघायचे. भूप रागाच्या अंगाचं काही असेल तर ते नवशिक्यासाठी आखल्यासारखं आहे: सा रे ग प ध, म आणि नि नाहीतच. म्हणजे ४ फुंक, ४ ओढ, ५ फुंक, ६ फुंक, ६ ओढ आणि मग ७ फुंक. सातव्या भोकाची ती उलटी गाठ लागतच नाही. यमनाच्या अंगाचं असेल आणि सा ४ फुंकवर धरला, तर तीव्र मध्यम कुठून आणणार? पण सा सरकवून ५ ओढवर, म्हणजे पांढरी चारला नेला, तर त्याच सी पट्टीत ५ ओढपासून ९ ओढपर्यंत कल्याण थाटाचे सातही सूर सरळ मिळतात. सा ५ फुंकवर धरला तर भैरवी थाट. ४ ओढवर धरला तर काफी. सा बदलून थाट बदलणं म्हणजे आपली मूर्च्छनाच; दहा भोकांच्या या डबीत ती अशी बसलेली असते. मला हे कळलं त्या रात्री मी झोपलो नव्हतो. (दुसऱ्या दिवशी ऑफिसात डुलक्या.)

तरी महिन्याला एकच गाणं धरा, आठवड्याला नको.

एकच मुद्दा

माझं मत आता या तिसऱ्या तऱ्हेच्या बाजूनं आहे, हे लपवत नाही. आज एवढंच काम, आणि ते झालं की नाही याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता आलं पाहिजे. ‘सूर सुधारणे’ हे काम नव्हे. ‘४ ओढ, एकट्याच सुराचा, चार मात्रा, दहा वेळा’ हे काम.

मामींच्या शेऱ्यानंतर मी याच कामापासून सुरुवात केली. दोन्ही तर्जन्यांची टोकं ३ आणि ५ या भोकांवर दाबून धरायची आणि मधलं ४ ओढायचं. शेजारी बंद असल्यामुळं जो आवाज येतो, तो स्वच्छ एकटा रे. तो आठ-दहा वेळा नुसता ऐकायचा. मग बोटं काढायची आणि तोच आवाज फक्त ओठांनी आणायचा. पहिल्या दिवशी मला दहापैकी दोनदा जमला. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तेव्हा त्या दोनातलाही एक गळका निघाला. वहीत लिहिलं: ‘१/१०’. ४१ दिवसांच्या ‘अर्धा तास झाला’पेक्षा या एका आकड्यानं मला जास्त शिकवलं. बाराव्या दिवशी सलग दुसऱ्यांदा ८/१० झाले आणि मी पुढच्या कामाकडं गेलो.

माझा नियम हाच: दहापैकी आठ, तेही लागोपाठ दोन दिवस, मग पुढं. आणि तीन दिवस पाचाच्या वर गेलं नाही तर काम मोठं धरलंय असं समजून निम्मं करायचं. ६ ओढ, ७ ओढ, ७ फुंक ही ध-नि-सां ची गाठ मला मिनिटाला साठच्या ठेक्यावर जमत नव्हती. निम्मं करायचं म्हणजे ठेका कमी करायचा असं मी धरून चाललो, तरी जमेना. मग ध सोडून दिला आणि नुसतं नि-सां घेतलं. एकाच भोकात, ओठ न हलवता, फक्त श्वास उलटवायचा. तिथं लक्षात आलं की ओठ चुकतच नव्हते, मी श्वास उलटवताना मधे थांबत होतो. गाणं वाजवत बसलो असतो तर हे सापडलं नसतं.

या तऱ्हेचे दोषही सांगायला हवेत. एक, हे कोरडं आहे. आठव्या-नवव्या दिवशी बाजा कपाटात टाकावासा वाटतो, आणि घरातल्यांना तोच रे शंभरदा ऐकून काय वाटतं ते त्यांनाच विचारा. दोन, मुद्दा निवडायला चुकलात तर महिना वाया. मी दुसऱ्याच महिन्यात २ ओढ धरलं. आवाजच नीट येईना. दुकानात परत गेलो, रीड (आतली आवाज करणारी पत्ती) खराब आहे म्हणून भांडलो. दुकानदारानं शांतपणे तोच माउथऑर्गन पुसून वाजवून दाखवला. प लख्ख निघाला. माझा घसा आवळलेला होता आणि मी स्ट्रॉनं मठ्ठा प्यावा तसा ओढत होतो. २ आणि ३ ओढ सगळ्याच नवख्यांना छळतात. ती पहिल्या दोन महिन्यांत टार्गेट करू नका, बेंडिंग, म्हणजे सूर दाबून खाली आणणं, तर अजिबात नाही.

चोवीस भोकांचा असेल तर

पुष्कळांच्या हातात १० भोकांचा नसून २४ भोकांचा ट्रेमोलो असतो, कारण वाद्यांच्या दुकानात माउथऑर्गन मागितला की बहुधा तोच पुढं येतो. मलाही एकानं ‘दोन्ही सारखेच’ म्हणून तोच दिला होता. सारखे नाहीत. ट्रेमोलोत एका सुराला दोन रीड असतात, किंचित वेगळ्या लावलेल्या, म्हणून तो आवाज थरथरतो. त्यात फुंकायची आणि ओढायची भोकं वेगवेगळी, एकाआड एक. त्यामुळं शेजारचं भोक तोंडात आलं तरी बहुतेक वेळा ते गप्पच राहतं, आणि एकटा सूर लवकर निघतो. मामींनी ट्रेमोलो ऐकला असता तर कदाचित कौतुक केलं असतं.

म्हणून ट्रेमोलोवाल्यांनी एकट्या सुरावर दोन आठवडे घालवू नयेत. त्यांचं काम म्हणजे सरकणं: सा वरून रे ला जाताना बाजा अचूक एक भोक सरकला का. शिवाय बेंडिंग त्यावर जवळपास होत नाही, तेव्हा यूट्यूबवरचे बेंडिंगचे धडे त्यांनी सोडून द्यावेत. नुसती गाणी वाजवायची असतील तर ट्रेमोलोवर गाण्याचं टार्गेट खरंच चालून जातं. कळ दाबून अर्धा सूर चढवायचा क्रोमॅटिक पहिल्या वर्षी घेऊ नये. किमतीनंही आणि डोक्यालाही भारी.

शिक्षक म्हणाल तर आमच्या भागात माउथऑर्गन शिकवणारं मला तरी कुणी भेटलं नाही. पण भजनी मंडळातले पेटीवाले बुवा गावोगाव आहेत, आणि गळका सूर त्यांना क्षणात कळतो. महिन्यातून एकदा त्यांच्यापुढं वाजवा, पांढरी एक धरायला सांगा. त्यांनी सवयीनं काळी एक धरली की आपला सी निकामी.

मग माझी घडी कशी? सोमवार ते शुक्रवार एकच मुद्दा, बारा मिनिटांच्या आत, घड्याळ फक्त थांबवायला. शनिवार-रविवार गाणं, वही बंद. शाळकरी लेकरू असेल तर मी हे उलटं करीन: गाणं जास्त, मुद्दा पाच मिनिटं, नाहीतर ते पळून जाईल. निवृत्त माणसानं खुशाल दिवसातून तीनदा बसावं, पण दर वेळी थोडं. उन्हाळ्यात गच्चीवर सूर्य वर यायच्या आत. बाजा गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही. आणि जेवणानंतर चूळ भरल्याशिवाय वाजवायचं नाही. बडीशेपेच्या एका दाण्यानं माझं पाचवं भोक चार दिवस बंद ठेवलं होतं.

सध्या वहीत ३ ओढ चालू आहे. ओढता ओढता नि खाली दाबत धैवतापर्यंत आणायचा, म्हणजे खालच्या सप्तकातली ती रिकामी जागा भरते. गेले नऊ दिवस आकडा ३/१०. माझ्याच नियमानं सहा दिवसांपूर्वी काम निम्मं करून फक्त कोमल नि पर्यंत थांबायला हवं होतं. केलेलं नाही.