लाकडी बाणांचं स्पाइन: आठ महिने वापरल्यावर

डिसेंबरमध्ये पाइनच्या लाकडी कांड्यांचा पहिला डझन मागवला. धनुष्य लाँगबो, म्हणजे लांब, साधं पारंपरिक धनुष्य; त्यावर लिहिलेलं वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, २८ इंच ओढीवर ४० पौंड. विकणाऱ्याने सांगितलं, "५०-५५ स्पाइन घ्या, जाड बाण टिकतो." स्पाइन म्हणजे बाणाच्या कांडीचा ताठपणा. मी घेतले. टिकले खरे, एकही मोडला नाही. पण पुढचे दोन महिने प्रत्येक बाण डावीकडे गेला आणि सुटताना धनुष्याच्या मुठीवर टक्कन आपटत राहिला. मी उजव्या हाताने दोरी ओढतो. सगळा दोष स्वतःच्या बोटांना देऊन रोज पहाटे शेतात, विहिरीच्या उपशाच्या ढिगाऱ्यापुढे चिंध्यांनी भरलेली गोणी टांगून सराव वाढवला.

आमचं शेत शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथून जाणाऱ्या एका भिल्ल बाबांनी एक दिवस माझा बाण हातात घेतला, दोन्ही टोकं धरून अंगठ्याने मध्ये दाबला आणि म्हणाले, "तुना तीर भलता कडक शे भाऊ, वाकस नही." त्यांचा स्वतःचा बाण बांबूचा, निखाऱ्यावर शेकून सरळ केलेला. तोही मला दाबायला दिला. फरक हाताला लगेच कळला.

लाँगबोची मूठ मध्यापर्यंत कापलेली नसते. बाण मुठीच्या कडेला टेकतो आणि दोरी त्याला मधोमध ढकलते. म्हणून सुटताना बाणाला मुठीला वळसा घालून जावं लागतं, तो सापासारखा लचकतो आणि मग सरळ होतो. ताठ असला तर लचकत नाही, डावीकडे फेकला जातो. फार नरम असला तर उजवीकडे. डावखुऱ्यांसाठी उलट.

मग घरीच मापायला बसलो. फळीवर दोन खिळे, अंतर २६ इंच म्हणजे ६६० मिलिमीटर. कांडी त्यावर आडवी ठेवायची आणि मधोमध २ पौंड, म्हणजे ९०७ ग्रॅम वजन टांगायचं. मी बाटलीत पाणी भरून दोरीसकट ९०७ करून घेतलं. कांडी जितके मिलिमीटर खाली येते त्याने ६६० ला भागलं की स्पाइन पौंडात मिळतं. १६.५ मिलिमीटर वाकली तर ४०, १३.२ वाकली तर ५०. कार्बन बाणावरच्या ५००, ६०० या आकड्यांशी याची गल्लत करू नका: तिथे आकडा मोठा म्हणजे बाण नरम, इथे आकडा मोठा म्हणजे ताठ.

सामानाच्या लटकत्या काट्याला धनुष्य लावलं तर दुसरी गोष्ट कळली. मी ओढतो २७ इंचच, आणि तिथे वजन भरतं ३८ पौंड. माझ्या हातात ४० पौंड कधी येतच नव्हते! स्पाइनही त्याच आसपास हवं, म्हणून फेब्रुवारीत ३५-४० चा डझन मागवला, २८ इंचांवर कापला, पुढे १२५ ग्रेनचं (साधारण आठ ग्रॅमचं) टोक लावलं. पिसं न लावता पंधरा पावलांवरून तीन सोडले. ते पिसांच्या बाणांशेजारीच जाऊन रुतले, म्हणजे ताठपणा जुळला. तो टक्क आवाज बंद झाला, त्या सकाळचा आनंद अजून आठवतो.

पण लेबलवर सगळं सोडू नका. ३५-४० लिहिलेल्या त्या बारा कांड्यांत माझ्या फळीवर दोन ४३ च्या निघाल्या. सराफाच्या काट्यावर वजन केलं तर सगळ्यात हलका बाण २४.५ ग्रॅम, सगळ्यात जड २९. एवढ्या फरकाने वीस यार्डांवर खालीवर झालेला बाण डोळ्यांना दिसतो. मी त्यातून सात जुळणारे निवडले आणि तेवढ्यांवरच सराव करतो. माझ्या मते महागड्या लाकडापेक्षा एकसारखे बाण महत्त्वाचे.

कांडीच्या टोकाशी दिसणाऱ्या लाकडाच्या वर्षवलयांच्या रेषांकडेही बघा. फळीवर मापताना त्या रेषा उभ्या हव्यात आणि नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) चिकटवताना दोरी रेषांना काटकोनात बसली पाहिजे, म्हणजे बाणाची ताठ बाजू मुठीकडे येते. मी एक नॉक आडवा चिकटवला होता. फळीवर त्या बाजूने तीच कांडी चार पौंड नरम निघाली.

आमच्या मे महिन्यातल्या उन्हात कांड्या भिंतीला टेकवून ठेवल्या, तीन धनुकली झाल्या. किंचित गरम करून तळहाताने दाबून दोन सरळ झाल्या. तिसरीला बारीक तडा दिसला, ती मोडून चुलीत घातली. तडा गेलेला बाण सुटताना हातात घुसतो, म्हणून प्रत्येक वेळी सोडण्याआधी वाकवून, कान देऊन बघतो. पावसाळ्यात लाकूड ओल धरून थोडं नरम पडतं. टोकांसकट पॉलिश केलेल्यांत जुलैत फरक जाणवला नाही, कच्च्या टोकांच्या दोन मात्र पौंड-दोन पौंडांनी उतरल्या.

पहिला ताठ डझन फेकला नाही. गोल कांडीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातावर चालतो, त्यामुळे ८.७ मिलिमीटरची ८ वर आणली तरी तो तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. दोन्ही टोकं तशीच ठेवून मधला भाग सँडपेपरने घासत चार कांड्या ४० च्या आसपास आणल्या आहेत. आठ बाकी आहेत, रोज संध्याकाळी एक घेतो.