आधी कर्ज फेडायचं की डाउन पेमेंट जमवायचं? महाराष्ट्रात पहिलं घर घेणाऱ्यांसाठी आकडेवार तुलना

पर्सनल लोन चालू आहे, क्रेडिट कार्डावर बाकी आहे, बाइकचा हप्ता जातोय आणि पहिलं घरही घ्यायचंय. महिन्याला शिल्लक पडणारा पैसा कर्जात घालायचा की डाउन पेमेंटसाठी बाजूला टाकायचा? बहुतेक जण व्याजदर बघून ठरवतात आणि महागडं कर्ज आधी फेडतात. खिशाच्या हिशोबाने ते बरोबर आहे, पण घराचा हिशोब त्यात पूर्ण होत नाही. घर दोनपैकी एका ठिकाणी अडतं. एक तर हप्त्यावर, म्हणजे पगाराच्या मानाने बँक हवं तेवढं कर्ज देत नाही. नाहीतर रोकड्यावर, म्हणजे बँक द्यायला तयार असते, पण आपला वाटा भरायला पैसे नसतात. तुमचं घर यातल्या कुठे अडतंय, त्यावर पैसा कुठे घालायचा ते ठरतं.

एक हिशोब मांडून बघू

हातात येणारा पगार ८०,००० रुपये. बँक साधारण निम्म्या पगारापर्यंत हप्ते चालवून घेते असं धरू, म्हणजे सगळे हप्ते मिळून ४०,०००. (बँकेच्या भाषेत एफओआयआर. पगार आणि बँक बदलली की हे प्रमाणही बदलतं.) होम लोन ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर लाखामागे ८६८ रुपये हप्ता बसतो.

घर पुण्यात, ४८ लाखांचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे इथे कर्ज जास्तीत जास्त ३८.४० लाख, हप्ता सुमारे ३३,३२५. आपल्या खिशातून जाणार मार्जिनचे (किमतीतल्या आपल्या २० टक्के वाट्याचे) ९.६० लाख, मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ३.३६ लाख आणि नोंदणी फी ३०,००० (१ टक्का, पण कमाल ३०,०००). बेरीज १३.२६ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. लोकांचा अंदाज नेमका इथेच चुकतो, कारण ‘२० टक्के जमवले की झालं’ असं धरून चाललेलं असतं. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) न मिळालेल्या इमारतीत या किमतीच्या घरावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २.४० लाख. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतल्यास ती मिळत नाही.

आता कर्जं. आधीच्या कर्जातलं कोणतं किती जागा अडवतंय, हे शेवटच्या रकान्यात बघा.

| कर्ज | बाकी | वार्षिक व्याज | बँक धरते तो हप्ता | फेडलेल्या दर लाखामागे होम लोनची वाढणारी पात्रता |
|---|---|---|---|---|
| क्रेडिट कार्ड | ९०,००० | ४२% | ४,५०० | ५.८ लाख |
| बाइक लोन (१५ हप्ते बाकी) | ५९,००० | १०% | ४,२०० | ८.२ लाख |
| पर्सनल लोन (३६ हप्ते बाकी) | ३.४० लाख | १४% | ११,६३४ | ३.९ लाख |

कार्डाला ठरलेला हप्ता नसतो, म्हणून बऱ्याच बँका बाकीच्या ५ टक्के रक्कम हप्ता म्हणून धरतात. पर्सनल लोन मुळात ५ लाखांचं, ५ वर्षांचं, दोन वर्षं फेडून झालेलं.

तिन्ही कर्जं तशीच ठेवून बँकेत गेलात तर ४०,००० मधून २०,३३४ वजा होतात आणि पात्रता उरते जेमतेम २२.६ लाख. कार्ड आणि बाइक मिळून १.४९ लाख भरले की तीच पात्रता ३२.७ लाख होते. दीड लाखात दहा लाखांची जागा मोकळी झाली. व्याजाच्या क्रमाने गेलं असतं तर बाइकचा नंबर सगळ्यात शेवटी लागला असता.

तरीही कार्ड पहिलं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९०,००० वर दरमहा ३,७०० च्या वर निव्वळ जातात. शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून बाकी शून्य होईपर्यंत ते कार्ड वापरूच नका. शून्य झाल्यावर मात्र जुनं कार्ड बंद करायची घाई नको. एकूण लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत वापर राहिला तर क्रेडिट स्कोअरला बरं पडतं, आणि कार्ड बंद केलं की लिमिटच कमी होतं.

खरा प्रश्न पर्सनल लोनचा

कार्ड आणि बाइक निस्तरल्यावर पर्याय दोनच उरतात.

लोन चालू ठेवून पैसे जमवायचे ठरवलं तर कर्ज ३२.७ लाखांवर थांबतं. ३८.४० लाखांपर्यंतची ५.७ लाखांची तूट रोख भरावी लागते. म्हणजे एकूण रोख १८.९७ लाख.

लोन आधी बंद करायचं ठरवलं तर ३.४० लाख मुद्दल द्यायचं. मुदतीआधी बंद करायचा आकार ४ टक्के धरला तर जीएसटीसह सुमारे १६,०००. पात्रता ४६ लाखांपर्यंत जाते, म्हणजे घराच्या ८० टक्क्यांना पुरून उरते. एकूण रोख १६.८२ लाख.

कर्ज फेडूनही घरासाठी कमी पैसे लागतात, हे पहिल्यांदा बघताना विचित्र वाटतं. वर उरलेल्या ३६ हप्त्यांतलं सुमारे ७८,००० रुपयांचं व्याज वाचतं ते वेगळं. हप्त्यावर घर अडलं असेल तर लोन बंद करणं सरस, यात मला तरी शंका नाही.

याहून स्वस्त तिसरा मार्गही आहे, पण फार कमी लोक तो विचारतात. ३३,३२५ चा होम लोनचा हप्ता बसवायला पर्सनल लोनचा हप्ता शून्य व्हायची गरज नाही, ६,६७५ पर्यंत उतरला तरी पुरे. सुमारे १.४५ लाखांचा भरणा करून मुदत तीच ठेवली आणि हप्ता कमी करून घेतला तर काम होतं, एकूण रोख १४.८ लाखांच्या आसपास. अडचण अशी की भरणा केल्यावर बऱ्याच बँका आपोआप मुदत कमी करतात आणि हप्ता तसाच ठेवतात. व्याज वाचवायला ते चांगलं, पण होम लोनच्या पात्रतेत त्याने काडीचा फरक पडत नाही. शिवाय वर्षाला बाकीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच भरणा चालतो, अशीही अट असू शकते. पैसे भरायच्या आधी ‘हप्ता कमी करून मिळेल का’ हे शाखेतून लेखी घ्या आणि नवं हप्त्याचं वेळापत्रक मागून घ्या. होम लोनच्या फाइलला ते लागतं.

डाउन पेमेंट आधी, हे कधी बरोबर?

घरात दुसरा पगार असेल तर. वरच्या उदाहरणात ५०,००० पगाराचा सहकर्जदार आला आणि त्याच्यावर काही कर्ज नसेल, तर हप्त्यांची मर्यादा ६५,००० होते. पर्सनल लोन चालू असूनही पात्रता ६१ लाखांच्या पुढे जाते. मग घर अडतं ते फक्त १३.२६ लाख रोकड्यावर, आणि त्यातले साडेतीन लाख लोनमध्ये घालणं म्हणजे तेवढे पैसे पुन्हा जमेपर्यंत घर पुढे ढकलणं. तुलना इथे सरळ आहे. लोन बंद करून तीन वर्षांत निव्वळ ६२,००० च्या आसपास वाचतात. त्याच्या समोर तुमचं भाडं आणि त्या भागातल्या किमतीची चाल ठेवा.

लोन संपत आलं असेल तरही पैसे रोखीत ठेवलेले बरे. सहा-बारा हप्तेच बाकी असतील तर काही बँका ते कर्ज हिशोबात धरत नाहीत. अर्ज करण्याआधी हे विचारा, नाहीतर बंद करायचा आकार उगाच भरला जातो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच बाजूने बसत नाही, ती म्हणजे डाउन पेमेंटसाठी नवीन पर्सनल लोन काढणं. बिल्डरच्या ऑफिसात बसलेला एजंट सुचवतो तेव्हा ते सोपं वाटतं. पण ५ लाखांच्या लोनचा ११,६३४ हप्ता होम लोनची पात्रता १३.४ लाखांनी खाली आणतो.

‘घर झालं की टॉप-अप (होम लोनवरच वाढीव कर्ज) काढून पर्सनल लोन फेडू’ हेही कानावर येतं. ३.४० लाख ९ टक्क्यांनी २० वर्षांवर टाकले तर हप्ता ३,०५९ इतका हलका दिसतो, पण व्याज ७८,००० ऐवजी ३.९४ लाख जातं. जुना ११,६३४ चाच भरणा चालू ठेवणार असाल तरच यात अर्थ आहे. फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या होम लोनवर व्यक्तीला मुदतपूर्व भरण्याचा आकार लागत नाही, तेवढी सोय आहे.

करसवलतीवर फार विसंबू नका. नव्या करप्रणालीत स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची वजावट नाही. २ लाखांपर्यंतची ती वजावट जुन्या प्रणालीत आहे.

बंद करताना काय चुकतं

पैसे भरले म्हणजे कर्ज बंद झालं असं नाही. आधी फोरक्लोजर स्टेटमेंट घ्या, म्हणजे कर्ज बंद करायला नेमके किती भरायचे ते सांगणारा बँकेचा कागद. त्यावरची रक्कम ठरावीक तारखेपर्यंतच चालते. एक दिवस उशीर झाला तर शे-दोनशे रुपये बाकी राहतात आणि खातं उघडंच राहतं. खात्यावरचा नॅच मँडेट (हप्ता आपोआप कापायला दिलेली परवानगी) रद्द झालाय का ते बघा, नाहीतर पुढच्या महिन्याचा हप्ता कापला जातो. मग ‘नो ड्यूज’चं, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र. बाइकच्या बाबतीत बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवायचा.

थकलेल्या कार्डावर ‘इतके भरा, बाकी सोडतो’ असा फोन आला तर सांभाळून. त्याची नोंद क्लोज्ड नव्हे तर सेटल्ड अशी होते आणि होम लोन देणारी बँक तिथेच अडते. घर घ्यायचं असेल तर पूर्ण भरा.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना कर्जाची माहिती निदान दर पंधरवड्याला क्रेडिट कंपन्यांकडे पाठवावी लागते. तरी बंद केल्यावर महिनाभर थांबून आपला क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

रिपोर्टमध्ये न दिसणारं कर्जही बँकेला दिसतं. पगारदार पतसंस्थेची कपात पगाराच्या स्लिपवर असतेच, आणि ती हप्त्यात धरली जाते. मित्राच्या कर्जाला जामीन राहिलात तर तेही तुमच्या नावावर निघतं.

टोकन, म्हणजे बुकिंगची रक्कम, शेवटी. आधी कर्ज बंद, मग रिपोर्ट, मग बँकेचं मंजुरीपत्र, आणि त्यानंतरच बुकिंग. उलट क्रमाने गेलात आणि मंजुरी पाच लाखांनी कमी आली, तर बुकिंगची रक्कम परत मागण्यात महिने जातात. बिल्डर घाई करत असेल तर एवढं लक्षात ठेवा की रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार झाल्याशिवाय त्याला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ४८ लाखांच्या घराला ४.८० लाख.