‘द हॅमर पार्टी’: आठ महिने ऐकल्यावर

बिग ब्लॅक या अमेरिकन रॉक बँडच्या पहिल्या तीन ईपी (अल्बमपेक्षा छोट्या रेकॉर्ड) एकत्र केलेली ही सीडी काही वर्षांपूर्वी पहिल्यांदा लावली, तेव्हा तिसऱ्या गाण्यालाच बंद केली होती. पत्र्यावर खिळा ओढावा तशी गिटार आणि मागे एका लयीत ठोकत राहणारं ड्रम मशीन. ७ मे २०२४ ला या बँडचा संस्थापक, गायक आणि गिटारवादक स्टीव्ह अल्बिनी गेला. त्यानंतर ती पुन्हा बाहेर काढली आणि गेले आठ महिने दर आठवड्याला कधी ना कधी ऐकतोच आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पहिल्या ईपीवर, ‘लंग्ज’वर (१९८२). खरं तर इथे बँड नाहीच. पत्रकारिता शिकणारा विशीतला अल्बिनी, बिअरच्या एका खोक्याच्या बदल्यात काही दिवसांपुरतं मिळवलेलं फोर-ट्रॅक रेकॉर्डिंग यंत्र आणि रोलँड टीआर-६०६ हे ड्रम मशीन. एका मित्राचा सॅक्सोफोन सोडला तर जवळपास सगळं त्यानेच वाजवलंय. ६०६ मध्ये मोजून सात आवाज: बास ड्रम, स्नेअर, दोन टॉम, सिंबल, उघडी आणि मिटलेली हाय-हॅट. माणूस वाजवत असेल तर गाणं तापल्यावर ठोकाही किंचित पुढे सरकतो. इथे गायक कितीही किंचाळला तरी यंत्र ढिम्म. मला हाच मोठा दोष वाटायचा. तीन-चार महिन्यांनी तेच उलटं ऐकू यायला लागलं. ऐकणारं कोणी नाही, उत्तर देणारं कोणी नाही, तरी हा बोलतोय. त्या एकटेपणाला तसाच थंड ठोका हवा होता. आणखी एक गोष्ट सारखी जाणवते, की या रेकॉर्डिंगला खोलीच नाही. भिंती नाहीत, हवा नाही. पुढे इतर बँड रेकॉर्ड करताना खोलीतल्या ड्रमचा आवाज पकडण्यात ज्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, त्याची सुरुवात इथे आहे, हे आठवलं की मी दर वेळी थबकतो.

दुसरी ईपी ‘बुलडोझर’ (१९८३) सुरू होते आणि छातीवरचं ओझं उतरतं. नेकेड रेगन या बँडमधले सांतियागो दुरांगो गिटारवर आणि जेफ पेझाटी बासवर, रेकॉर्डिंगला इयन बर्जेस, आणि मशीनच्या जोडीला पॅट बर्न हा हाडामांसाचा ड्रमर. पहिल्या २०० प्रतींना तर पत्र्याचं वेष्टन होतं. ‘केबल्स’ हे कत्तलखान्यात गुरं मारताना बघत बसणाऱ्यांचं गाणं. त्यातल्या दोन गिटार एकमेकींना ओरबाडतात. अल्बिनी खाच पाडलेल्या धातूच्या पिकने वाजवायचा, त्यामुळे एकाच फटक्यात तार दोनदा छेडल्यासारखी वाटते. हे कळल्यापासून मला तो दुहेरी ओरखडा वेगळा ऐकू येतो.

तिसरी ईपी ‘रेसर-एक्स’ जास्त सफाईदार आहे, पण माझी तिन्हींत कमी आवडती. त्यातलं फंक गायक जेम्स ब्राउनचं गाणं मात्र ऐकाच. फंकची सगळी मजा ठोका जरा मागे खेचण्यात असते आणि हे मशीन तेवढंच करू शकत नाही. तरी गाणं उभं राहतं, ते पेझाटीच्या बासवर.

शब्दांबद्दल बोललंच पाहिजे. हिंसा, शिव्या, वर्णद्वेष्ट्यांची भाषा त्यांच्याच तोंडून. ‘बुलडोझर’मधल्या ‘सेथ’ या गाण्याच्या सुरुवातीला एका वर्णद्वेष्ट्याचं ध्वनिमुद्रित बोलणं आहे, ते मी आता पुढे ढकलतो. दुष्टपणा जसाच्या तसा मांडणं हा हेतू मला पटतो, पण दर वेळी ते सहन होत नाही. अल्बिनीनेही पुढे आपल्या जुन्या बोलण्या-वागण्याबद्दल उघडपणे खंत व्यक्त केली होती, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं.

ऐकायचं कसं, तर स्पीकरवर. इअरफोनवर वरच्या पट्टीतली करकर वीस मिनिटांत कान थकवते आणि फोनच्या स्पीकरवर बास पार नाहीसा होतो. तिन्ही ईपी सलग लावू नका. आधी ‘बुलडोझर’, मग मागे ‘लंग्ज’कडे जा. ‘लंग्ज’ची सहाही गाणी एका बैठकीत माझ्याने अजून होत नाहीत. चौथ्यानंतर थांबतो आणि उरलेली दोन दुसऱ्या दिवशी ऐकतो.