पावतीबुक गेलं, ई-चलन आलं: खान्देशच्या रस्त्यांवर ही सेवा कशी चालते

नाक्यावर गाडी अडवली की खान्देशात पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "साहेब, गावनाच शे, जाऊ द्या ना." मग ओळख निघायची, कोणा भाऊंना फोन लागायचा, आणि पावती फाडायची की नाही, फाडली तर किती रुपयांची, हे त्यावर ठरायचं. ई-चलनाच्या मशीनने हा प्रकार मोडीत काढला. गाडीचा नंबर, कलम आणि फोटो एकदा सर्व्हरवर गेले की ते मागे घेणं समोर उभ्या हवालदाराच्या हातात उरत नाही. बाजार समितीकडे निघालेल्या शेतकऱ्याच्या मोटारीला जो दंड, तोच पुढाऱ्याच्या पांढऱ्या गाडीला. एवढ्या एका गोष्टीसाठी ही सेवा हवीच, असं आमचं ठाम मत आहे. पण फोटोत बघायचं काय आणि चूक निघाली तर करायचं काय, हे धुळे, जळगाव, नंदुरबारमधल्या पुष्कळ गाडीवाल्यांना कोणी सांगितलेलंच नाही. लोक एक तर न बघता भरून मोकळे होतात, नाही तर चलन वर्षानुवर्षं तसंच पडू देतात. दोन्हींत नुकसान आहे.

चलन बघायला दोन वाटा आहेत: महाट्रॅफिक हे ॲप आणि राज्याच्या वाहतूक पोलिसांची ई-चलनाची वेबसाइट. वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकायचा आणि सोबत चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे. ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर असतात. गाडीचा नंबर सलग टाकावा, मध्ये जागा किंवा आडवी रेघ नको. प्लेटवर नुसतं ७८६ असेल तर ०७८६ लिहावं. यादी उघडली की प्रत्येक चलनाची तारीख, ठिकाण, कलम, रक्कम आणि फोटो दिसतो. पैसे यूपीआय, कार्ड किंवा नेट बँकिंगने भरता येतात. रेंज मध्येच गेली, खात्यातून रक्कम कटली आणि चलन तरीही थकीत दिसलं, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये. व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवावा, दुसऱ्या दिवशी यादी परत बघावी आणि तरीही फरक पडला नाही तर तोच क्रमांक देऊन तक्रार करावी.

आता फोटो. या सेवेचा जीव फोटोत आहे, आणि नेमका तोच कोणी उघडत नाही. फोटो मोठा करून आधी प्लेट वाचावी. पावसाळ्यात वावरातून आलेल्या मोटारसायकलच्या मागच्या प्लेटवर काळ्या मातीचा थर असतो. त्यात ३ चा ८ दिसतो, एमएच १८ आणि एमएच १९ ची अदलाबदल होते, आणि धुळ्याच्या गाडीचा दंड जळगावच्या घरी येतो. म्हणून प्लेटनंतर गाडी बघावी: मॉडेल तेच आहे का, रंग तोच आहे का, मागचा लाइट, कॅरिअर, साइड गार्ड आपल्याच गाडीचे आहेत का. नंबर आपला आणि गाडी दुसऱ्याची दिसली, तर वाचण्यात चूक झाली असेल किंवा कोणीतरी आपल्या नंबरची प्लेट लावून फिरत असेल. दुसरी शक्यता गंभीर आहे. तिथे नुसत्या ऑनलाइन तक्रारीवर थांबू नये, पोलिस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

प्लेटचा प्रश्न गाडीवाल्यांनीही ओढवून घेतलेला आहे. नियमाप्रमाणे नंबर इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच हवा. मराठी आकड्यांची, 'दादा' किंवा 'बॉस' असं वाचता येईल अशी वळवलेली प्लेट दंडाला पात्र आहे, आणि कॅमेऱ्याला ती नीट वाचता न आल्याने भलत्याच माणसाला भुर्दंड पडू शकतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावायची आहे. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी. ती लावली की बनावट नंबरचा धोका बराच कमी होतो.

वेगाचं चलन मात्र फोटो एकदा पाहून कळत नाही, ते समजून घ्यावं लागतं. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये कमाल वेग ठरवले. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी १००, मालवाहू गाडीला ८०, मोटारसायकलला ८०. महापालिका-नगरपालिका हद्दीत मोटारीला ७०, दुचाकी आणि मालवाहू गाडीला ६०. इतर साध्या रस्त्यांवरही हेच ७० आणि ६०. राज्य आणि स्थानिक प्रशासन यापेक्षा कमी मर्यादा लावू शकतात, आणि घाटात, शाळेजवळ, वळणावर ती लागते. म्हणजे फागण्याहून तरसोदकडे चौपदरीवर १०० ने चाललेली मोटार जळगाव शहरात शिरली की तोच वेग गुन्हा ठरतो. आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली हा रस्ता दिसायला महामार्ग आहे, पण लागू होते ती शहराची मर्यादा. खान्देशात वेगाच्या चलनावरून जी भांडणं होतात त्यांच्या मुळाशी बऱ्याचदा हाच गोंधळ असतो. धुळ्याहून लळिंगकडे, शिरपूरहून पळासनेरकडे किंवा साक्रीहून विसरवाडीकडे जातानाही रस्ता गावातून गावाबाहेर आणि परत गावात असा बदलत राहतो.

लेझर स्पीड गन हातात किंवा तिकाटण्यावर असते, किंवा इंटरसेप्टर, म्हणजे पोलिसांच्या वेग तपासणाऱ्या गाडीत बसवलेली असते. ती प्रकाशाचे बारीक झोत सोडते, गाडीवरून परत येणाऱ्या झोतांवरून अंतर किती वेगाने बदलतंय ते मोजते. अशा चलनाच्या फोटोत निशाण्याची खूण, मोजलेला वेग, वेळ, तारीख आणि ठिकाण असायला हवं. निशाणा आपल्याच गाडीवर आहे ना, हे पहिलं बघायचं. दोन गाड्या शेजारी धावताना किंवा मोटारसायकल ट्रकच्या पुढून निघताना खूण कोणावर आहे, त्यावर सगळं अवलंबून असतं. "बाजूला उभं राहून तिरपी गन मारली म्हणून जास्त वेग आला," ही तक्रार मात्र टिकत नाही. रस्त्याकडेला थांबून तिरप्या कोनातून मोजलेला वेग खऱ्यापेक्षा थोडा कमीच येतो, फायदा गाडीवाल्याचाच होतो. "माझ्या मीटरवर तर कमी दाखवत होतं," हेही तपासून बोलावं. कंपनीचं मीटर सहसा खऱ्या वेगापेक्षा जरा जास्त दाखवतं. कमी दाखवत असेल तर मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असण्याची शक्यता मोठी.

दंडाची रक्कम लहान नाही. डिसेंबर २०२१ पासून राज्यात वाढीव दर लागू झाले आणि वेगासाठी दुचाकीला १०००, मोटारीला २०००, अवजड गाडीला ४००० रुपये पडतात. तेही कशासाठी? धुळे ते जळगाव साधारण ९० किलोमीटर. सलग १०० ने गेलं तर ५४ मिनिटं, ८० ने गेलं तर ६७-६८. हातात येतात ती तेरा-चौदा मिनिटं. ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते, १०० च्या वेगात जवळजवळ २८. कापसाच्या हंगामात रात्री पुढे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली उभी असते. चैत्रात सप्तशृंगीला पायी निघालेले भाविक अंधारात रस्त्याच्या कडेने चालत असतात. फरक त्या सहा मीटरचा असतो.

नियम यंत्रणेलाही बांधतात, हे लोकांना माहीत हवं. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-ए हा नियम आला. कॅमेरा, स्पीड गन यांना मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवं. पाळत असलेल्या ठिकाणी आधी फलक हवा. गुन्ह्याची सूचना १५ दिवसांच्या आत जायला हवी आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत पुरावा जपायला हवा. अशी कॅमेऱ्याची पाळत ठेवायच्या शहरांची यादी या नियमासोबत आहे, तीत जळगावचं नाव आहे. पोलिसांनी खासगी मोबाइलवर काढलेले फोटो चलनासाठी वापरू नयेत, असे आदेशही जुलै २०२५ मध्ये राज्यात निघाले. आमच्या मते सेवेची खरी कमजोरी इथेच आहे. वेगमर्यादेचा फलक झाडाच्या फांदीमागे आणि गाडी अडवणारे वळणाच्या आड, असं चित्र दिसलं की गाडीवाल्याच्या डोक्यात 'टार्गेट पूर्ण करताहेत' हेच बसतं. मग समोरून येणाऱ्याला अप्पर-डिपर मारून सावध करणं त्याला पुण्याचं काम वाटतं. त्याने पुढचा माणूस अर्धा किलोमीटर हळू जातो आणि परत तेवढाच सुसाट सुटतो. फलक मोठा, इंटरसेप्टर उघड्यावर, अशी तपासणी असेल तर वेगही खरोखर कमी होतो आणि पोलिसांवरचा रागही.

चूक दिसली तर ॲपवर आणि वेबसाइटवर तक्रारीची सोय आहे. चलन क्रमांक, आरसीचा फोटो, आपल्या गाडीचे मागून आणि बाजूने काढलेले स्वच्छ फोटो, आणि गाडी त्या वेळी दुसरीकडे होती याचा काही पुरावा, जसं फास्टॅगची नोंद किंवा पेट्रोलची पावती. तक्रार दोन-तीन ओळींत, मुद्द्याची लिहावी. 'अन्याय झाला' असं लिहून काही होत नाही. 'चलनातली गाडी लाल स्कूटर आहे, माझी काळी मोटारसायकल आहे' असं लिहिलं की तपासणाऱ्याला लगेच दिसतं. दंड भरून नंतर तक्रार करू नये, कारण भरणं म्हणजे गुन्हा मान्य करणं.

प्रत्यक्ष अडवल्यावर काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन दाखवावंच लागतं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली कागदपत्रं ग्राह्य आहेत, गॅलरीतला स्क्रीनशॉट नाही. धडगाव, मोलगी, तोरणमाळकडे जाताना रेंज जाते, म्हणून ॲप आधीच उघडून कागद डाउनलोड करून ठेवावेत. हेल्मेट कोपराला अडकवून चालत नाही, ते डोक्यावर आणि पट्टा लावलेलं हवं. मागे बसलेल्यालाही हेच लागू. कलम १९४-डी मध्ये दंडासोबत लायसन तीन महिने निलंबित होण्याची तरतूद आहे. पोलिसाने गाडीची चावी काढून घेणं मोटार वाहन कायद्यात कुठेही दिलेलं नाही, तसं झालं तर शांतपणे तेवढं सांगावं. आवाज चढवून, कॉलर धरून काहीही साधत नाही. हेल्मेटचं साधं प्रकरण धक्काबुक्कीवर गेलं की भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, म्हणजे जुनं ३५३, लागतं. मग सुटका दंड भरून होत नाही, कोर्टाच्या तारखा सुरू होतात. आणि अल्पवयीन पोराच्या हातात गाडी दिली असेल तर कलम १९९-ए: पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द.

चलनाच्या नावाने फसवणूक जोरात आहे, तेवढं एक सांगून ठेवतो. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल (उघडली की मोबाइलमध्ये ॲप बसवणारी) आली तर ती उघडायची नाही. सरकार अशी फाइल पाठवत नाही. उघडून पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करायचा.

सेवेतली सगळ्यात त्रासदायक अडचण साधी आहे: चलनाचा मेसेज मोबाइलवर पोहोचतच नाही. गाडी घेताना शोरूमवाल्याने टाकलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो, आणि चलनं साचत जातात. थेट राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली की घरात धावपळ सुरू होते. परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर नोंदणी क्रमांक, चॅसिस आणि इंजिन नंबर देऊन मोबाइल नंबर बदलता येतो, ते आजच करावं. लोकअदालतीत सूट मिळेलच या भरवशावर चलन थकवू नये.

याहून वाईट गत विकलेल्या गाडीची. आपल्याकडे मोटारसायकल चहाच्या टपरीवर विकली जाते, नोटरीचा कागद होतो, आरसी मात्र जुन्याच नावावर राहते. पुढच्या मालकाचं ट्रिपल सीट, सिग्नल तोडणं, सगळं पहिल्याच्या नावावर चढतं, कारण चलन नोंदणीकृत मालकाला जातं. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, आरटीओची पोच हातात घेऊनच गाडी सोडावी. घेणाऱ्यानेही बयाणा देण्याआधी नंबर ई-चलनाच्या साइटवर टाकावा, थकबाकी निघाली तर विकणाऱ्यासमोरच भरून घ्यावी आणि भरल्याची पावती गाडीच्या कागदांसोबत ठेवावी.